बादलीच्या तळचं खमीर

कपाटाच्या खालच्या खणात अडतीस बाटल्या होत्या. सगळ्या तपकिरी, अर्ध्या लिटरच्या. एक अर्धीच भरलेली. वरच्या खणात वीस लिटरची झाकणाची बादली, धुऊन पालथी घातलेली. दीड मीटर रबरी नळी. घनता मोजायची काचेची कांडी, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली. टोपणं बसवायचं हातयंत्र आणि उरलेली बारा टोपणं. फ्रिजमध्ये जॅमच्या बरणीत दोन बोटं राखाडी गाळ. ओट्स संपले होते. ते ज्या स्टीलच्या डब्यातून आले तो डबा या घरात नव्हता, समोरच्या बिऱ्हाडात आमिनावहिनींच्या ओट्यावर होता. इथवर आल्यावर मयुरेशच्या ध्यानात आलं की आपण इतका वेळ मोजत बसलोय ते त्या डब्यापाशी पोचायला नको म्हणून. टेबलावर बशी होती. बशीत दोन सांदणं, पांढरीशुभ्र, वाटीच्या आकाराची, अजून कोमट.

वहिनी आत्ताच देऊन गेल्या होत्या. रोजा सुटून थोडाच वेळ झाला होता, खालच्या गल्लीतली दुकानं पुन्हा उघडत होती, आणि त्या ओढणी सारखी करत दारातच उभ्या राहून बोलत होत्या. सांदण किती हलकं झालं, नवऱ्याने, नुमानने किती खाल्ली, जाळी कशी पडली. मग सासऱ्यांविषयी हसून म्हणाल्या, "अब्बांनी तर चार खाल्ली, भाऊ. म्हणाले, आईच्या हातचा वास आला. गावाला पूर्वी पिठात ताडी घालायचे ना, तसाच. मला विचारतात, पोरी, ताडीबिगर हा वास तू आणलास कुठून? मी म्हटलं, आमच्या मयुरेशभाऊंचं खमीर हाय ते." मयुरेश हसला. हसताना आपला चेहरा कसा दिसतोय हे त्याला आतून कळत होतं, जसं दातांच्या डॉक्टरकडे बधिर केलेला ओठ आपला असूनही आपला वाटत नाही. तो म्हणाला, वा. दार लागलं आणि तो बशी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

खमीर बिअरचं होतं. बिअरही साधी नव्हे, स्टाउट. काळी, दाट, भाजलेल्या जवाची. आणि तिच्यातले ओट्स वहिनींनीच दिलेले होते.

प्रयोगशाळेतला त्याचा इंग्रज सुपरवायझर नोकरी संपवून मायदेशी गेला तेव्हा जाताना हे सगळं सामान त्याला देऊन गेला, वर बिअरच्या यीस्टचं एकुलतं एक पाकीट. आखातातल्या या मनामा शहरात हिंदू माणसाला बिअर दुकानात मिळत होती. त्यासाठी हा उपद्व्याप करायची काही गरज नव्हती. पण मयुरेश एम.एस्सी. झालेला होता, सित्राच्या प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याचे आणि तेलाचे नमुने तपासत होता, आणि नमुने तपासणाऱ्याला कधीतरी नमुना तयार करावासा वाटतो. त्याने जव आणून भिजवले, आई मटकीला मोड आणते तसे ओल्या पंच्यात बांधून मोड आणले, गच्चीवर वाळवले, थोडे कढईत पार काळे होईस्तोवर भाजले. ओट्सबद्दल सुपरवायझर म्हणाला होता की त्याने स्टाउटला रेशमी अंग येतं. ओट्समध्ये एक गोंदासारखा चिकट पदार्थ असतो, तो पाण्यात उतरतो, हे मयुरेशला ठाऊक होतं. पण त्याचं रेशीम कसं होतं ते त्याला बघायचं होतं. ओट्सना स्वतःचं पिष्ट फोडून साखर करता येत नाही. मोड आलेल्या जवाच्या संगतीत, ठरावीक उष्णतेवर तासभर ठेवले की जवच त्यांचं काम करून देतात. ही शेजारधर्माची गोष्ट त्याला तेव्हा फार आवडली होती.

रमजानच्या आधी दुकानादुकानांतून ओट्सचे डबे छतापर्यंत रचलेले असतात. इफ्तारच्या सूपला इथल्या घराघरांत ते लागतात. वहिनींनी महिन्याचे भरून ठेवले होते. त्याच सुमारास मयुरेशचं पोट बिघडलं, तोंड उतरलं, आणि त्यांनी घरातून डबाभर ओट्स आणून दिले. मीठ-मिरी घालून पातळ शिजवा, पोटाला बरं पडतं, म्हणाल्या. शेजारी राहायला आल्या दिवशी तो त्यांच्याशी हिंदीत, भाभीजी म्हणून बोलला होता, आणि त्या म्हणाल्या होत्या, "अवो, आमी रत्नागिरीचे. हिंदी कशाला झाडताव?" तेव्हापासून त्या वहिनी. त्याने दोन वेळा सूप करून खाल्लं. पोट बरं झालं. उरलेले ओट्स, डब्याच्या तीन चतुर्थांश, त्याने स्टाउटला वापरले. दिलेली वस्तू आपली झाली, तिचं काय करायचं ते आपण ठरवायचं, असा विचारही तेव्हा त्याच्या मनात आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. पंच्यातून ती खळ गाळताना हात कोपरापर्यंत बुळबुळीत झाले होते आणि तो शीळ घालत होता.

रमजान लागायच्या आत सगळं उरकेल असं त्याचं गणित होतं. पण जानेवारीची थंडी पडली, बादली गार झाली, किण्वन रेंगाळलं. यीस्ट काही चंद्र बघून थांबत नाही. पहिल्या रोज्याच्या दिवशी बादली तशीच बुडबुडत होती आणि दोन बिऱ्हाडांमधल्या बोळात आंबूस, पावासारखा वास दाटला होता. वहिनींनी विचारलं, भाऊ, कसला वास? आणि त्याने पटकन सांगितलं की तो घरी पावाचं खमीर करतोय. खोटं बोलायला त्याला क्षणही लागला नाही, याचं नंतर त्याला आश्चर्य वाटलं. पण तेव्हा हुशारीच वाटली होती. त्या खोट्यात खऱ्याचा अंश भरपूर होता. यीस्ट पावाचं काय न् बिअरचं काय, एकाच जातीचं. खोट्याच्या पोटात खरं भरलं की ते जड होतं आणि जिथल्या तिथे बसून राहतं, हलत नाही. मग रमजानातल्या एका गुरुवारी संध्याकाळी, अजानला थोडा वेळ असताना, वहिनी त्याच्याकडचा तो रिकामा डबा मागायला आल्या, आणि ओघात म्हणाल्या की उद्याला सांदण करायचंय, तांदूळ दळून ठेवलाय, आणि पाकिटातलं यीस्ट जुनं निघालं, फुगतच नाय. तुमच्याकडं खमीर हाय ना?

तिथे एक जागा होती. मयुरेश मनाने पुन्हा पुन्हा त्या जागेवर येत होता. नाही, संपलं, असं म्हणता आलं असतं. पण त्याला त्या क्षणी आठवला तो डबा. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे त्याच्या आईने त्याला शब्दांनी कधी शिकवलं नव्हतं. डब्यातून साखर, लिंबं, निदान चार बदाम जाताना त्याने पाहिले होते. आणि घरात डब्यात घालण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शिवाय, हे तो कबूल करायला सगळ्यांत शेवटी तयार झाला, त्याला गर्व वाटला होता. पाकिटातलं यीस्ट मेलेलं होतं आणि त्याचं जिवंत होतं. आदल्या दिवशीच बाटल्या भरून झाल्या होत्या, बादलीच्या तळाचा गाळ बरणीत काढून ठेवला होता, तो अजून हळूहळू फेसाळत होता. त्याने वरची काळी बिअर ओतून टाकली, उकळून गार केलेलं पाणी घालून एकदा धुतलं. नीट धुवायचं तर तीनदा, दर वेळी बसू देऊन. पण वहिनी दारात उभ्या होत्या. एकदाच धुतलं आणि डब्यात ओतलं. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा होता. वहिनींनी वाकून वास घेतला, भुवया किंचित वर गेल्या. "जोरदार हाय," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

सांदणं गार होत होती. रहिमतुल्लाचाचा म्हणजे वहिनींचे सासरे, नुमानचे वडील, व्हिजिट व्हिसावर थंडीपुरते आलेले. तरुणपणी बोटीवर खलाशी होते. त्या काळात पीत असत. हे त्यांनी स्वतःच मयुरेशला सांगितलं होतं, खालच्या बाकावर बसून, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. मग तोबा केली. तीस वर्षं होऊन गेली. खोकल्याचं औषध आणलं की बाटली घेऊन ते मयुरेशकडे येत. डोळे बारीक करून म्हणत, "केमिस्टसाहेब, वाचा जरा. यात कोण लपून बसलाय का?" आणि मयुरेश लेबल प्रकाशात धरून, बारीक अक्षरातली शेवटची ओळसुद्धा वाचून, नाही चाचा, निर्धास्त घ्या, असं सांगत असे. एकदा एका बाटलीत अल्कोहोल निघालं तेव्हा त्याने ती परत करायला लावून दुसरी आणून दिली होती. त्या दिवशी त्याला आपलं शिक्षण सार्थकी लागल्यासारखं वाटलं होतं.

त्याने एक सांदण खाल्लं. गोडसर, नारळाच्या दुधाचं, लुसलुशीत. आणि शेवटी, घशाशी, एक पुसट करपट कडवटपणा, भाजलेल्या जवाचा. इतरांना तो कळायचा नाही. त्याला कळला, कारण तो त्याने केला होता. दुसरं सांदण त्याने प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. का ठेवलं, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. नमुना टाकून द्यायचा नाही, एवढीच हाताची सवय. बशी धुतली, पुसली, आणि ती परत द्यायला काय घालावं याचा विचार करत ओट्यापाशी उभा राहिला. या घरातलं काय त्या घरात न्यावं? साखरेच्या डब्याकडे बघितलं. तीच साखर बाटल्यांत घातली होती. बशी फडताळात गेली.

पुढचे दिवस तो बोळातून चोरासारखा जाऊ-येऊ लागला. सकाळी बस मआमीर गावाच्या बाजूने जाई तेव्हा रस्त्यावर रात्रीच्या निदर्शनांत जाळलेल्या टायरांची काळी वर्तुळं दिसत, धुरांडी दिसत, आणि त्याच्या डोक्यात एक वाक्य फिरत राही. वाक्य असं की खमीर कुठलंही असो, साखर खाऊन ते दोनच गोष्टी सोडतं, वायू आणि अल्कोहोल. पाकिटातल्या यीस्टनेही पिठात अल्कोहोल होतंच. वाफेवर बरंचसं उडून जातं, थोडं राहतं. प्रत्येक पावात असतं, प्रत्येक सांदणात असतं. वाक्य बिनचूक होतं. पण ते मनात म्हणून बघितलं की प्रत्येक वेळी वकिलाने लिहून दिल्यासारखं वाटे. कारण चाचांनी त्याला रसायनशास्त्र विचारलं नव्हतं. चाचांनी विचारलं होतं, कोण लपून बसलाय का.

आणि मग आठवे तो हॉस्टेलचा केक. पुण्याला, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी. तो अंडं खात नसे. मुलांनी बिनअंड्याचा म्हणून केक खिलवला. केक चांगला होता, त्याने दुसरा तुकडा मागून घेतला. दोन दिवसांनी चंद्रशेखर त्याच्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि रडवेल्या तोंडाने सगळं सांगून टाकलं. मयुरेशला अंड्याचं काही वाटलं नाही. आज तो ऑम्लेट खातो. वाटलं ते एवढंच की आपण खात होतो तेव्हा सगळे आपला चेहरा बघत होते. जीभ मागे जाऊन ती चव पुन्हा शोधू लागली आणि तिला सापडेना. आणि गंमत अशी की संध्याकाळभर तोच चंद्रशेखरची समजूत काढत बसला होता. अरे सोड रे, तू सांगितलंस ना, झालं. चंद्रशेखर शीळ घालत गेला. रात्री जेवताना मयुरेश प्रत्येक घास मोडून आत बघत होता.

हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत असूनही एका दुपारी, नुमान हिद्दला गोदीत कामावर आणि चाचा असरच्या नमाजाला खाली गेलेले असताना, त्याने समोरचं दार वाजवलं. वहिनी जमिनीवर बसून खवणीवर नारळ खवत होत्या. दार उघडं ठेवून त्या परत बसल्या. त्याने उंबऱ्याच्या बाहेरूनच, प्रयोगशाळेत चूक सांगावी तसं, थोडक्यात सांगितलं: ते खमीर पावाचं नव्हतं. मी बिअर करत होतो, तिच्या तळाचं होतं. एकदाच धुतलं होतं. आणि तुम्ही दिलेले ओट्स त्याच बिअरमध्ये गेले.

खवणीवरचा हात थांबला. अर्धी करवंटी खवून झाली होती, अर्धी राहिली होती. वहिनी त्याच्याकडे बघत नव्हत्या. ताटातल्या खोबऱ्याकडे बघत होत्या.

"अजून कुणाला माहीत हाय?"

"कुणालाच नाही. फक्त मला."

"आता मलापण," त्या म्हणाल्या.

तो घाईने म्हणाला की चूक पूर्णपणे त्याची आहे, त्यांना काय माहीत, चाचांना काय माहीत. वहिनींनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. त्या सांगत होत्या, जणू स्वतःलाच, की नकळत पोटात गेलं त्याचा गुन्हा नाय, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. वास त्यांनाही आला होता. त्यांना वाटलं, घरचं खमीर असंच असेल. त्यांचे अब्बा, म्हणजे सासरे, त्या दिवशी जेवताना किती खुशीत होते, सासूबाई गेल्यापासून असं जेवले नव्हते, हेही त्यांनी सांगितलं. मग पहिल्यांदा वर बघितलं.

"तोवर कुणाचाच गुन्हा नव्हता, भाऊ. तुमी सांगून मोकळे झालाव. मी आता कुणाला सांगू?"

ते वाक्य, अल्कोहोलचं, बिनचूक, ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं. वहिनी म्हणाल्या, अब्बांना नाय सांगायचं. त्यांची तोबा त्यांच्यापाशी राहू दे. मग करवंटी फिरवून घेतली आणि खवायला लागल्या, पण आवाज मघासारखा नव्हता. खवणी करवंटीच्या टणक भागापर्यंत जात होती, काळं खोबऱ्यात पडत होतं.

घरी येऊन त्याने कपाट उघडलं, एक बाटली काढली आणि मोरीत उभं राहून ती ओतून टाकायच्या विचाराने टोपण उडवलं. आधी एक घोट घेतला. चांगली झाली होती. तोंडात ती पसरत नव्हती, वळत होती. दाट, मऊ, जिभेला रेशमाचा स्पर्श व्हावा तशी. ओट्सनी त्यांचं काम केलं होतं. ती इतकी चांगली झाली नसती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, आणि त्याने उभ्यानेच ती संपवली.

ईदच्या आदल्या आठवड्यात चाचांनी त्याला खालीच गाठलं. वहिनी भाजीची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. चाचा म्हणाले, ईदला सांदण होणार, पण खमीर तेच पायजे. "या पाकिटातल्या पावडरीत काय राम नाय, केमिस्टसाहेब," असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले, आणि हसता हसता खोकले. मयुरेशने वहिनींकडे बघितलं. वहिनी चाचांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "देतील ना, अब्बा," त्या शांतपणे म्हणाल्या. चाचांना जिना चढवताना त्यांनी एकदाच मागे वळून बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी ओळख होती की मयुरेशला लाज वाटली. त्या आता खोटं बोलू शकत होत्या. त्याच्याइतक्याच सहज.

तो मनामाच्या जुन्या बाजारात जाऊन ताजं यीस्टचं पाकीट घेऊन आला. डबा आला. कोमट पाण्यात, साखर घालून त्याने यीस्ट जागं केलं, फेस वर येईपर्यंत थांबला, डबा धुतला, पुसला, त्यात ते ओतलं. कुठेही रंग नव्हता. स्वच्छ, दुधी, पावाच्या वासाचं. वहिनींनी झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि डबा घेऊन गेल्या.

ईदच्या सकाळी तो भेटायला गेला. नुमानने गळाभेट घेतली, अत्तर लावलं. चाचा पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून, दिवाणावर बसले होते. सांदणं आली, मटणाचा रस्सा आला. त्याच्यासाठी वेगळं नारळाचं गोड दूध. चाचांनी एक तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, सावकाश चावला. मयुरेश बघत होता. आपण बघतोय हे त्याला कळत होतं, आणि तरी तो बघत होता. चाचांनी दुसरा तुकडा मोडला, मग तो तसाच वाटीच्या कडेला ठेवला.

"चांगलाय," ते म्हणाले. मग सुनेला वाईट वाटू नये इतक्या हळू आवाजात: "आज जरा घाई झाली का गं?"

"हो, अब्बा," वहिनी म्हणाल्या. "घाईच झाली."

चाचांनी मान डोलावली आणि तो तुकडाही खाऊन टाकला. मग मयुरेशकडे वळून गोष्टी सांगायला लागले, कुठल्याशा बंदराच्या, तिथल्या एका कुत्र्याच्या, आणि तो हसण्याच्या जागी हसत राहिला. निघताना वहिनी बोळापर्यंत आल्या. दोन सांदणं कागदात बांधून त्याच्या हातात दिली. आतून नुमानचं हसणं ऐकू येत होतं. वहिनींनी दार मागे ओढून घेतलं, पुरतं लावलं नाही.

"त्या दिवशीच्यात किती होती?" त्यांनी विचारलं. "दारू."

"मोजावं लागेल."

"मोजता येतं?"

"एक तुकडा ठेवलाय मी. त्या दिवशीचा."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, ठेवला कशाला असं विचारणार असं त्याला वाटलं, पण विचारलं नाही. "मग मोजा," त्या म्हणाल्या. "मला सांगा. तुमच्या मनातलं नको, जे निघेल ते." आणि आत गेल्या.

सुटीतल्या शिफ्टला प्रयोगशाळेत मयुरेश एकटाच होता. त्याने बर्फातलं, त्या शुक्रवारचं सांदण वितळू दिलं, आणि आयत्या वेळी कागदातलं, ईदचं, पाकिटाच्या यीस्टचं, तेही पिशवीतून काढलं. दोन्हींचं सारखं वजन घेतलं, सारख्या पाण्यात कुस्करलं, एकामागून एक चंबूत घालून उकळवलं, वाफ गार करून थेंब थेंब गोळा केली. चंबूतून नारळाचा वास येत होता. थेंब पडत असताना तो खिडकीशी गेला नाही, हात पुसले नाहीत, बसून राहिला. मग दोन्ही नमुने तीन-तीनदा यंत्रावर घातले, कागदाची पट्टी फाडून घेतली आणि सरासरी काढली.

शंभर ग्रॅम सांदणात अल्कोहोल: शुक्रवारचं, ०.२१ ग्रॅम. ईदचं, ०.३४ ग्रॅम.